पक्कं घर

सरांचं कपाळ फुटलं तिथून हे सगळं सुरू झालं. नाहीतर दार उंच करायचं आमच्या दादाच्या डोक्यात कधी आलंच नसतं.

अवकाळी पाऊस पडून गेला होता. थापून, कडेवर उभ्या करून वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा एका सकाळीत चिखल झाला होता. ज्याने वीट थापली नाही त्याला हे दुःख कळायचं नाही. माती भिजवायची, मुरवायची, पायांनी तुडवायची, गोळा साच्यात आपटायचा, साचा अलगद उचलायचा, वीट सुकत आली की उलटवायची. कंबरेचे तुकडे पडतात. आणि आभाळ घटकाभर बरसलं की त्या सगळ्याची पुन्हा माती. मजुरी मात्र भट्टीत गेलेल्या विटेचीच. मातीत गेलेल्या विटेला कोण विचारतो?

तर आम्ही चौघं, दादा, वहिनी, मी आणि दादाची पोरगी, तोच चिखल ओढून पुन्हा तुडवत होतो. मी दादाची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडून दादाकडे आले त्याला वर्षं झाली. का आले ते विचारू नका, तोंड कडू होतं.

पोरीला सगळे पावशेर म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती की सुईण म्हणाली, "ही कसली पोरगी, नुसती पावशेर आहे!" तेच नाव चिकटलं. तेरा वर्षांची झाली तरी अंगाने अजून पावशेरच. डोकं मात्र मणाचं. चिखल तुडवता तुडवता काहीतरी पुटपुटत असायची. मला आधी वाटायचं पोरीला बाधा झाली की काय. विचारलं तर म्हणे, "आत्या, गणित सोडवतेय. पाय रिकामे नाहीत, डोकं रिकामं आहे ना."

त्या दिवशी तिच्या शाळेतले सर आले. चिखल चुकवत, पँट वर धरून, बगळ्यासारखे एकेक पाय उचलत. आम्ही खाली खड्ड्यात होतो, त्यांना दिसलो नाही. ते थेट आमच्या खोपीकडे गेले आणि "कुणी आहे का घरात?" म्हणत आत शिरले.

शिरायला गेले म्हणू या. भट्टीवरची खोपी ती. जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकड्या, अर्ध्यामुर्ध्या विटा एकावर एक रचायच्या, सिमेंट नाही की चुना नाही, वर पत्रा टाकायचा, पत्र्यावर दगड. हंगाम सुरू झाला की रचायची, संपला की मोडायची. दार छातीएवढं. आम्ही जन्मापासून वाकत आलोय, आम्हाला ते दार खुजं वाटतच नव्हतं. सर ताठ माणूस. पत्र्याची कड कपाळात घुसली.

ओरडणं ऐकून आम्ही पळत वर गेलो. सर भुईवर बसलेले, बोटांतून रक्त गळतंय. वहिनीने ओला फडका दाबून धरला. दादाचा चेहरा असा झाला की जणू त्यानेच दगड मारलाय.

"फार नाही लागलं," सर म्हणाले. त्या स्थितीतही हसत होता तो माणूस. "चांगली बातमी आणलीय. तुमची मुलगी पहिली आली. सगळ्या शाळांत मिळून पहिली."

मग त्यांनी सांगितलं. शहरात एक संस्था आहे. गरीब घरातली हुशार मुलं निवडते. शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तेच बघतात, पार कॉलेज होईपर्यंत. पावशेरने लेखी परीक्षा दिली होती, तोंडीही झाली होती. आम्हाला त्यातलं एवढंच माहीत होतं की ती दोनदा सरांबरोबर शहरात गेली होती आणि त्या दोन दिवसांचा खाडा मुकादमाने कापला होता.

"आता फक्त घरभेट राहिली," सर म्हणाले. "संस्थेच्या मॅडम येतील, घर बघतील, चार प्रश्न विचारतील. मुलगी हुशार आहे हे त्यांना कळलंय. घर गरीब आहे एवढंच बघायचंय."

"ते काय जवळ येऊन बघायचं?" मी म्हटलं. "लांबूनच दिसतंय की."

सर हसले आणि हसताना कपाळ दुखलं म्हणून थांबले. "तेच म्हणतो मी. काही करू नका. आहे तसं दाखवा."

पावशेर चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली उभी होती. तिने एकच विचारलं. "सर, तिथे खोली वर्षभर तीच असते का?"

"तीच असते."

"पावसाळ्यात पण?"

"पावसाळ्यात पण."

ती पुन्हा खड्ड्यात उतरली आणि चिखल तुडवायला लागली. पाय असे पडत होते की मला वाटलं, नाचतेय कार्टी.

दादा मात्र मान वर करून सारखा खोपीकडे बघत होता. संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो तेव्हा म्हणाला, "आपल्या दारात आलेल्या माणसाचं रक्त सांडलं."

"त्यांनी खाली बघितलं नाही त्याला आपण काय करणार?" मी म्हटलं.

"आता शहरातून बाई येणार. तिलाही वाकायला लावायचं?"

"लावू की! तेच बघायला येतेय ती. सर काय म्हणाले? आहे तसं दाखवा."

"मी काय भीक मागतोय?" दादाचा आवाज चढला. "पोरगी पहिली आलीय माझी. मान द्यायला येतायत ते. मान घ्यायचा तर घरात उभं राहायला जागा नको?"

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी भांडी घासत होती. ती सहसा बोलत नाही. या वेळी बोलली ती नेमकी त्याच्याच बाजूने. "वन्सं, सरांचा फडका बघितलात का? किती रक्त होतं." झालं. नवराबायको एक झाले की नणंदेने तोंड उघडून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी दादा मुकादमाकडे गेला. मुकादम म्हणजे शेठचा माणूस. विटा मोजतो, आम्हाला हाकतो, तोंडात कायम एक काडी. शेठ पंधरवड्यातून एकदा गाडीतून येतो, मधले दिवस आमचा देव हाच. मी मागे उभी होते.

"अव्वल विटा पाहिजेत," दादा म्हणाला.

मुकादमाची काडी खाली पडायची राहिली. "कशाला? बंगला बांधतोस?"

"खोपीच्या भिंती रचायला. पोरीच्या शिक्षणासाठी शहरातून एक बाई घर बघायला येणार आहे. परत देतो ना. त्या थप्पी लावून उभ्याच ठेवायच्या आहेत की नाही? तिथे उभ्या राहण्यापेक्षा माझ्याकडे उभ्या राहतील. एक फुटायची नाही."

मुकादमाने विचार केला. माणूस हरामखोर, पण त्याला असलं काही ऐकलं की गंमत वाटते. "डोकं आहे रे तुला. घे. पण त्या मोठ्या ऑर्डरच्या विटा आहेत, हंगाम संपता संपता शहरात जायच्या आहेत. एक कमी भरली तर तुझ्या मजुरीतून. आणि ऐक, शेठला कळलं तर मी तुला ओळखत नाही. त्या बाईसमोर विटा भट्टीच्या आहेत, आम्ही भट्टीवर राहतो, असलं काही बरळायचं नाही. कामगार खात्याचे लोक टपूनच बसलेत. कळलं?"

"कळलं."

"मी स्वतः तिथे उभा राहीन."

"राहा की."

मग काय विचारता! दिवसभर चिखल, आणि काम सुटलं की अंधार पडेपर्यंत घर. दादा गवंडी नाही, पण जन्मभर गवंड्यांच्या हाती विटा दिल्यात त्याने. प्रत्येक वीट दुसऱ्या विटेवर हलकेच वाजवून बघायचा. टण आवाज आला की घ्यायची, बद आला की बाजूला. दोरीला दगड बांधून ओळंबा केला. लाल माती चाळून, कालवून, विटांच्या मधल्या फटींत भरली, गवंडी त्याला दर्जा म्हणतात, बोटाने ओढून एकसारखा केला. वहिनीने जमीन सारवली. आतल्या भिंतीत पावशेरच्या पुस्तकांसाठी कोनाडा ठेवला. मी विटा वाहत होते आणि तोंडाने बडबडत होते. "नाकापेक्षा मोती जड झालाय. चार महिन्यांनी हे मोडायचं आहे, लक्षात आहे ना?" दादा म्हणायचा, "तू वीट दे."

दाराशी आल्यावर त्याने हात वर केला, बोटं ताणली आणि तिथे खूण केली. एवढं उंच. मला खोटं बोलता येत नाही, घर देखणं झालं. लालभडक, कडा धरून उभं. बाकीच्या खोप्यांमध्ये ते असं दिसायचं की चिंध्यांत कुणी नवा शर्ट टाकून गेलंय. शेजारपाजारचे बघायला आले. कुणी म्हणालं, "आता भाडं किती घेणार?" दादा लाजला.

गंमत म्हणजे आम्ही त्या दारातूनही वाकूनच शिरत होतो. पाठीला सवयच ती. दादा ओरडायचा, "ताठ चला की! कुणासाठी केलंय?" दोन पावलं ताठ, तिसऱ्याला पुन्हा वाकलेलो.

मॅडम आल्या. मी मनात कुणी ठसकेबाज, नाक मुरडणारी बाई धरून बसले होते. पण ती अगदी भली बाई निघाली. वाईट असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. पायात साधे कापडी बूट, चिखलाची पर्वा नाही, मला हात जोडून "नमस्कार ताई" म्हणाली. मला भट्टीवर आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं.

ताठ आत आली. कपाळ सुखरूप. दादाने माझ्याकडे असं बघितलं की, बघ!

मुकादमाच्या खुर्च्या मागून आणल्या होत्या, त्याच्याच घरच्या कपबशा. मॅडम खुर्चीवर बसल्या, चहा घेतला, सगळीकडे बघितलं. "किती नीटनेटकं ठेवलंय हो! फार छान."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचं घर छान आहे असं कुणी म्हणालं तर त्यावर काय करायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

"घर तुम्ही स्वतः बांधलंत?" मॅडमनी दादाला विचारलं.

"हो. मीच."

"आणि विटा?"

दारात मुकादम उभा होता. काडी या गालातून त्या गालात गेली.

"आमच्याच," दादा म्हणाला.

"मॅडम, त्या विटा..." पावशेरने तोंड उघडलं. वहिनी तिच्या मागेच बसली होती. तिने पोरीच्या दंडाला असा चिमटा घेतला की मला इकडून दिसला.

"काय गं, काय म्हणत होतीस?" मॅडम म्हणाल्या.

पावशेरने बापाकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं. "काही नाही."

"लाजू नको. बरं, तिकडे वसतिगृहात राहावं लागेल. मुलींचं नवीन वसतिगृह बांधतोय आम्ही. करमेल ना? घराची आठवण आली तर?"

"कुठल्या घराची?" पावशेरने विचारलं.

मॅडम खळखळून हसल्या. त्यांना वाटलं पोरगी मिस्कील आहे. पोरगी खरंच विचारत होती. दर हंगामाला वेगळं घर, तिने कुठलं आठवायचं?

जाताना त्यांनी पावशेरच्या डोक्यावरून हात फिरवला. "फार हुशार आहेस. कुठेही गेलीस तरी चमकशील." गाडी गेली. दादा गाडीच्या धुरळ्यात उभा राहून हात हलवत होता. त्या दिवशी तो इतका खूश होता की मुकादमाच्या खुर्च्या परत द्यायला गेला तेव्हा दोन्ही एकदम डोक्यावर घेऊन गेला. "बघितलंस? नीटनेटकं म्हणाली. तुझं ऐकलं असतं तर कपाळ फोडून गेली असती."

माझ्याही मनात आलं, असेल बाबा. आपल्याला काय कळतंय मोठ्यांचं.

त्यानंतर सर आले ते थेट दुपारच्या उन्हात. कपाळावरची जखम भरून पांढरा व्रण राहिला होता. त्यांना आधीचं आठवलं असणार, दाराशी येऊन ते वाकले. आणि वाकलेलेच राहिले, कारण वर काही लागलंच नाही. मग हळूहळू सरळ झाले. भिंतीवर हात फिरवला. दर्जा बघितला. कोनाडा बघितला.

"हे कधी केलंत?" ते म्हणाले.

दादा हसत पुढे झाला. "तुम्हाला लागलं ना सर, त्याच आठवड्यात करायला घेतलं."

सरांनी कपाळावरच्या व्रणाला हात लावला. "मी सांगितलं होतं ना हो तुम्हाला. आहे तसं दाखवा म्हणून."

"काय झालं सर?" वहिनीने विचारलं.

"स्वतःचं पक्कं घर, असं नोंदवलंय त्यांनी. बसायला खुर्च्या, कपबशा. उत्पन्नाचा दाखला त्यांना खोटा वाटला. या पोरीला मदतीची गरज नाही म्हणाले. जागा कमी असतात, गरजूंनाच द्यायच्या." मग इतका शांत माणूस एकदम ओरडला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं होतं दार उंच करायला?"

दादा बघतच राहिला. त्याला अजून नीट कळलं नव्हतं. तो म्हणाला, "पण सर, ती तर छान म्हणाली."

अंगाची आग झाली माझी. कुणावर काढू? दादावर काढू तर तो आधीच मेल्यासारखा उभा. मुकादमावर काढू तर उद्या काम नाही. पावशेर कोनाड्यापाशी उभी होती, पाठ आमच्याकडे. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, जवळ घेतलं असतं. ती रडली नाही.

सर म्हणाले, एक उपाय आहे. शेठने दोन ओळी लिहून द्यायच्या, की हे माझ्याकडचे मजूर, विटा माझ्या, यांचं घर हंगामापुरतं. ते घेऊन मी स्वतः जाईन.

दादा आणि मी शेठकडे गेलो. शेठ अंगणात गाडी धुऊन घेत होता. एक माणूस पाइपने पाणी मारत होता. पाणी आमच्या पायांशी येत होतं, आम्ही मागे सरकत सरकत बोलत होतो. दादाने सगळं सांगितलं. विटा कशा घेतल्या तेही सांगितलं. मुकादमाचं नाव मात्र घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, पण दादा तसलाच.

"माझ्या भट्टीवर कुणी राहत नाही," शेठ म्हणाला.

"मग आम्ही कुठे राहतो शेठ?" मी विचारलं. दादाने मला कोपर मारलं.

"ते मला काय ठाऊक? कामाला येता, काम करता, जाता. मी लिहून दिलं की माणसं राहतात, तर उद्या कामगार खातं म्हणेल खोल्या बांध, संडास बांध, नळ दे. कुणाच्या बापाकडून आणू?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "पोरीला शिकवायचं तर शिकव ना. मी अडवलंय का? उलट त्या संस्थेला दरवर्षी देणगी देतो मी. चांगली माणसं आहेत. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे विचार करूनच म्हटलं असणार."

"दोनच ओळी शेठ," दादा म्हणाला.

"आणि तू अव्वल विटा हलवल्यास कुणाला विचारून? त्याचं बघतो मी. जा आता, गाडीवर शिंतोडे उडतायत."

शिंतोडे आमच्यामुळे उडत नव्हते, पण आम्ही गेलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सर लिहून घेतल्याशिवायच संस्थेत जाऊन आले. त्यांनी जीव तोडून सांगितलं असणार, मला त्यांच्याबद्दल शंका नाही. पण तोवर ती जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा तर आपलीचं वय बसणार नाही," ते म्हणाले. "ती दुसरी मुलगी पण गरीबच आहे हो. कुडाची झोपडी आहे तिची."

त्या पोरीला दोन शिव्या घालाव्यात म्हणून मी तोंड उघडलं होतं. घालता आल्या नाहीत. तिचा काय दोष? तिच्या बापाने दार उंच केलं नव्हतं, एवढंच.

सर गेले आणि दादा उठला. कोपऱ्यातली पहार घेतली आणि भिंतीवर उगारली. मी ओरडले. वहिनी मध्ये जाऊन उभी राहिली, भिंतीला पाठ लावून.

"आता कशाला?" ती म्हणाली. "व्हायचं ते झालं. आता राहू द्या. कंबर मोडून आलं की आत उभं तरी राहता येतं."

पहार खाली आली. दादा दाराबाहेर जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. मला म्हणायचं होतं, सांगितलं होतं की नाही मी? त्याऐवजी मी त्याच्या पाठीवरची माती झटकली. तो म्हणाला, "मला वाटलं पोरीचा मान आहे." मी म्हटलं, "मानच होता रे." दुसरं काय म्हणणार होते?

पावशेरने कोनाड्यातली पुस्तकं काढून पत्र्याच्या पेटीत ठेवली. कोनाड्यात विटेचा साचा ठेवला. साचा ठेवायला ती जागा बरोबर मापाची निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती पूर्ण दिवस कामावर यायला लागली. चिखल तुडवताना पुटपुटायची थांबली. एकदा मी विचारलं, "काय गं, गणितं संपली?" म्हणाली, "आत्या, पाय दुखतात गं." एवढंच. आधीही दुखतच असणार, पण आधी कधी म्हणाली नव्हती.

ऊन तापलं, भट्टी लागली, निवली, विटा निघाल्या. हंगाम संपत आला तसे ट्रक यायला लागले. मोठ्या ऑर्डरचे शेवटचे ट्रक भरताना विटा कमी भरल्या. अवकाळीने खाल्ल्या होत्या त्या कुठून भरणार? मुकादम आमच्या घराकडे बघून म्हणाला, "चला, बंगला रिकामा करा."

पत्रा उतरवला. सामान बाहेर काढलं, ते काय, एक पेटी आणि चार गाठोडी. मग ज्याने रचल्या होत्या त्यानेच विटा काढायला घेतल्या. मातीचा दर्जा खरवडून, हाताने पुसून, दादा एकेक वीट खाली देत होता. एक फोडली नाही त्याने. शब्द दिला होता ना. कोनाड्याच्या विटा, दाराच्या कडेच्या विटा. चुलीमागच्या विटा धुराने काळ्या झाल्या होत्या, त्यांना पुसून काही झालं नाही. दुपारपर्यंत घर ट्रकात चढलं आणि मागे सारवलेला चौकोन उरला. पावशेर त्या चौकोनावरून न जाता बाजूने वळसा घालून गेली.

उतरवायला माणसं पाहिजेत म्हणून मुकादमाने आम्हालाच ट्रकात घेतलं. आम्ही आमच्याच घरावर बसून शहरात गेलो. वहिनी म्हणाली, "घर असं फिरतं झालं की बरं, कुठेही जाता येतं." तिचा विनोद कधी नव्हे तो आला, आणि आला तोही तेव्हा.

इमारत अर्धी झाली होती. खालच्या खोल्यांच्या भिंती दाराच्या वरपर्यंत आलेल्या, वर आभाळ. पुढे एक मोठी पाटी. मला वाचता येत नाही.

"काय लिहिलंय गं?" मी विचारलं.

पावशेर ट्रकावर उभी होती. शाळेत धडा वाचतात तसं तिने वाचून दाखवलं. "हुशार आणि गरजू मुलींसाठी वसतिगृह." त्याखाली देणगीदारांची नावं होती. तिसरं नाव शेठचं होतं. तेही तिने वाचलं.

दादाने ऐकलं. त्याच्या हातात वीट होती, ती त्याने परत थप्पीवर ठेवली, मग पुन्हा उचलली. त्या मॅडम भेटाव्यात असं मला फार वाटत होतं. काय काय बोलले असते मी! हे घ्या बाई, पक्कं घर आणलंय, मोजून घ्या. पण त्या काही आल्या नाहीत. येतील कशाला? उन्हात विटा उतरवताना बघायला कोण येतं?

गवंडी एक दाढीवाला म्हातारा होता. काळ्या विटा हातात आल्या तसा तो ओरडला, "अरे, या कसल्या? धूर लागलाय, माती चिकटलीय. कुणाचं घर पाडून आणल्यात की काय?"

मुकादम फिसकन हसला. इतका हसला की काडी पडली. ट्रकवाला हसला, गवंडी स्वतःच्या विनोदावर हसला. आणि आमचा दादा, तोही हसला. मालक हसला की हसायचं, ही जन्माची सवय.

"काळं तोंड आत करून बसव," मुकादम म्हणाला. "गिलाव्याखाली कुणाला दिसतंय?"

आम्ही वाहायला लागलो. दादा पाट्या भरून देत होता, मी, वहिनी आणि पावशेर डोक्यावर घेऊन आत टाकत होतो. कोपऱ्यातली एक खोली मोठी होती, दोन अंगांना खिडक्यांची भोकं, वारा येत होता. गवंडी म्हणाला, "या खोलीत सहा जणींच्या खाटा लागतील." पावशेरने पाटी रिकामी केली आणि जरा थांबली. भिंतीला हात लावला. कुठे खाट बसेल ते बघितल्यासारखं तिने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. ती मनात काहीतरी मोजत होती. किती तरी दिवसांनी तिचे ओठ हलताना मी बघितले.

"ए पावशेर! झोपलीस का तिथे?" मुकादम ओरडला.

ती निघाली. दाराची चौकट दादाने केली होती त्याहून हातभर उंच होती. डोक्यावर पाटी नव्हती, काही नव्हतं. तरी बाहेर पडताना पोरगी कंबरेत वाकली, पार खाली, खोपीतून निघतात तशी.

दादाने ते बघितलं. एरवी ओरडला असता, ताठ चल की म्हणून. त्याने मान खाली घातली आणि तिच्या पाटीत पुढच्या विटा रचायला लागला.